सोरायसिस : दोन खोट्या उत्तरांच्या मध्ये

त्वचेवर खपलीदार चट्टे उठवणाऱ्या सोरायसिस या आजाराचं निदान झालेला माणूस सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतो : हे कायमचं बरं होईल ना? या प्रश्नाला जगात कुठेही दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक उत्तर जाहिरातींतून, ओळखीच्यांच्या तोंडून, फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओंतून येतं : 'मुळापासून बरं करू, पुन्हा होणार नाही.' दुसरं दवाखान्यात मिळतं. डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिताच सांगतात, 'याला तसा इलाज नाही. मलम लावत राहा, सवय होईल.'

ही दोन्ही उत्तरं खोटी आहेत. वरवर ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण प्रत्यक्षात एकमेकांच्या जिवावर जगतात. 'इलाज नाही' हे ऐकून बाहेर पडलेला माणूसच 'मुळापासून बरं करू' या पाटीखाली जाऊन उभा राहतो. तिथे पैसे आणि महिने घालवून, कधी आजार वाढवून घेऊन तो परत येतो, तेव्हा त्याचा कुठल्याच औषधावर विश्वास उरलेला नसतो. मग खरोखर उपयोगी पडेल असा उपचार समोर आला तरी तो हात पुढे करत नाही.

खरं उत्तर असं आहे : सोरायसिस शरीरातून कायमचा काढून टाकता येत नाही, पण आज पुष्कळ जणांची त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ ठेवता येते, आणि तीही वर्षानुवर्षं. या वाक्यातले दोन्ही भाग सारख्याच जोराने सांगावे लागतात. पहिला भाग गाळला की फसवणूक होते, दुसरा गाळला की रुग्ण वाऱ्यावर सोडला जातो. आणि हे सांगणं एकट्या डॉक्टरच्या सद्भावनेवर सोडून भागणार नाही, ती आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे.

आधी आजार नेमका काय आहे ते पाहू. त्वचेच्या तळच्या थरात तयार झालेली पेशी पक्व होत होत पृष्ठभागावर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. अर्धवट पक्व पेशींचे थर एकावर एक चढतात, त्यांचे चांदीसारखे पांढरट पापुद्रे सुटतात. खाली रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून खपली ओढून काढली की रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. गोऱ्या त्वचेवर चट्टा लाल दिसतो. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तो जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसतो. वैद्यकीय पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असल्यामुळे सावळ्या माणसाचं निदान हुकणं किंवा लांबणं सोपं झालं आहे.

पण पेशी इतक्या घाईने वाढतात का? बराच काळ असं मानलं जाई की दोष त्वचेच्या पेशीतच आहे. 1979 मध्ये एक अनपेक्षित नोंद झाली. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सांधेदुखीच्या काही रुग्णांना देऊन पाहिलं जात होतं, आणि त्यांच्यातल्या सोरायसिसवाल्यांची त्वचा निवळू लागली. मूळ दोष रोगप्रतिकार यंत्रणेत असावा, या शंकेला त्यामुळे बळ आलं. आज हे चक्र बऱ्यापैकी उलगडलं आहे. त्वचेतल्या पहारेकरी पेशी इंटरल्यूकिन-23 नावाचा संदेश सोडतात, त्याने चेतवलेल्या टी पेशी (प्रतिकार यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) इंटरल्यूकिन-17 हा दुसरा संदेश सोडतात, त्यामुळे त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि उलट आणखी प्रतिकार पेशींना बोलावतात. एकदा सुरू झालेलं हे चक्र स्वतःच स्वतःला फिरवत राहतं. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. एचएलए-सी*06:02 हा जनुकीय प्रकार असलेल्यांना धोका जास्त असतो. तरी हा प्रकार अंगी असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. घशाचा स्ट्रेप्टोकोकस संसर्ग, त्वचेला झालेली जखम, लिथियमसारखी काही औषधं, धूम्रपान, दारू, वाढलेलं वजन, तीव्र मानसिक ताण, यांपैकी काहीतरी ठिणगी टाकतं. जंतू मात्र यात एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. स्पर्शाने, कपड्यांतून, पोहण्याच्या तलावातून, एका ताटात जेवल्याने हा आजार कुणालाही होत नाही.

आता पहिल्या खोट्या उत्तराकडे येतो. कायमच्या इलाजाचे दावे सोरायसिसच्याच बाबतीत इतके का पिकतात? कारण हा आजार आपोआप चढतो-उतरतो. कित्येकांचे चट्टे उन्हाच्या दिवसांत कमी होतात, कोरड्या थंडीत भडकतात. घशाच्या संसर्गानंतर अंगभर थेंबांसारखे ठिपके उठतात, त्या प्रकारात तर ते पुष्कळदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपले आपण विरून जातात. माणूस उपाय शोधायला निघतो तो आजार सगळ्यात वाईट अवस्थेत असताना. म्हणजे त्यानंतर काहीही केलं, किंवा काहीच केलं नाही, तरी थोडा उतार पडण्याची शक्यता बरीच असते. त्या वेळी जे काही खाल्लं, लावलं किंवा सोडलं, त्याच्या नावावर यश जमा होतं. सांगणारा मुद्दाम खोटं बोलत असतोच असं नाही. शेजारची व्यक्ती 'मला अमक्याने गुण आला' असं पोटतिडकीने सांगते तेव्हा तिचा अनुभव खरा असतो. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खरा असेलच असं नाही.

व्यवसाय म्हणून हे दावे करणाऱ्यांचं तसं नाही. त्यांना आजाराचा हा चढउतार पक्का ठाऊक असतो. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावले की पाहणाऱ्याची खात्री पटते. दुसरा फोटो कितव्या दिवसाचा, तो माणूस पुढच्या वर्षी कसा होता, आणखी किती जणांनी तेच औषध घेतलं आणि त्यांचं काय झालं, हे फोटो सांगत नाही. याहून वाईट म्हणजे, वनस्पतींपासून बनवलेलं म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांत आणि पुड्यांत न सांगता तीव्र स्टेरॉइड किंवा जड धातू मिसळल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. पोटातून दिलेल्या स्टेरॉइडने चट्टे आठवड्याभरात मावळतात. म्हणूनच रुग्णाचा विश्वास बसतो. आणि पुडी थांबली की आजार पहिल्याहून जास्त जोमाने उसळू शकतो.

ही उसळी म्हणजे काय हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण 'करून पाहायला काय हरकत आहे' हा युक्तिवाद इथेच कोसळतो. काही जणांच्या अंगभर पुवाने भरलेले बारीक फोड येतात, ताप चढतो. काहींची डोक्यापासून पायापर्यंत जवळजवळ सगळी त्वचा लालभडक होऊन सोलवटते. त्वचा शरीरातलं पाणी आणि ऊब राखते. ती सगळीच बिघडली की माणूस पांघरुणाखालीही कुडकुडतो, अंगातून पाणी आणि प्रथिनं निघून जातात, हृदयावर ताण येतो, जंतूंना वाट मोकळी होते. अशा रुग्णाला रुग्णालयातच ठेवावं लागतं, आणि यात जीवही जाऊ शकतो. कोपरावरच्या दोन चट्ट्यांसाठी घेतलेली अनामिक पुडी माणसाला इथवर नेऊ शकते.

हे सांगताना आधुनिक वैद्यकाचाही इतिहास लपवू नये. फाउलरचं द्रावण म्हणून ओळखलं जाणारं सोमलाचं (आर्सेनिकचं) औषध एकोणिसाव्या शतकात डॉक्टर सोरायसिसवर सर्रास देत. त्याने चट्टे कमी होत, आणि वर्षांनंतर त्याच रुग्णांच्या तळहातांवर कठीण गाठी आणि त्वचेचे कर्करोग दिसू लागत. ते औषध मागे पडलं, कारण कुणीतरी रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, हानी नोंदली आणि जाहीरपणे मांडली. उपचार कोणत्या परंपरेतून आला यापेक्षा त्याची हानी मोजली जाते का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अलीकडचं उदाहरण बघा. 2003 मध्ये बाजारात आलेलं एफालिझुमॅब हे सोरायसिसचं इंजेक्शन 2009 मध्ये मागे घेण्यात आलं, कारण ते घेणाऱ्या मोजक्या रुग्णांत मेंदूचा एक दुर्मिळ आणि जीवघेणा संसर्ग आढळला. याचा दाखला देऊन 'बघा, तुमची औषधं किती धोकादायक' असं म्हणणारे भेटतात. मला त्यातून उलटंच दिसतं. हजारोंमधल्या दोन-चार घटना पकडल्या गेल्या आणि औषध थांबवलं गेलं. बिनलेबलाच्या पुडीने किती जणांचं नुकसान केलं हे कुणालाच कळत नाही, कारण ते मोजायची सोयच नाही.

म्हणून आजार समूळ नाहीसा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर बंदी आणि त्या बंदीची खरोखरची अंमलबजावणी, ही मागणी मला अजिबात कठोर वाटत नाही. दावा करणाऱ्याने किती रुग्ण, किती काळ, कशाच्या तुलनेत आणि कोणते दुष्परिणाम, एवढं मांडावं. जो मांडू शकत नाही त्याला आजारी माणसाच्या असहायतेवर दुकान चालवायचा हक्क नाही.

आता दुसरं खोटं उत्तर. त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ते सज्जन माणसांकडून येतं आणि म्हणून त्याच्यावर टीका होत नाही.

'याला इलाज नाही, सवय करून घ्या' हे वाक्य शंभर वर्षांपूर्वीही पूर्ण खरं नव्हतं. 1925 मध्ये अमेरिकेत विल्यम गॉकरमन यांनी डांबरी मलम आणि अतिनील किरण एकत्र वापरून चट्टे निवळवून दाखवले. 1950च्या दशकात पेशींची वाढ आणि दाह रोखणारं मेथोट्रेक्सेट हे औषध सोरायसिससाठी वापरात आलं. ते आजही जगभर कामी येतं. पुढे 311 नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातली अतिनील किरणं वापरायचं तंत्र बसलं. 'ड' जीवनसत्त्वासारखी मलमं आली, तीही योगायोगाने : हाडांच्या आजारासाठी हे जीवनसत्त्व घेणाऱ्या एका जपानी रुग्णाचा सोरायसिस सुधारल्याचं 1985 मध्ये नोंदलं गेलं. मग एकविसाव्या शतकात आजाराच्या चक्रातला नेमका एकच संदेश अडवणारी बायोलॉजिक औषधं आली. सुरुवातीच्या चाचण्यांत त्वचेत 75 टक्के सुधारणा हे यशाचं माप मानलं जाई. इंटरल्यूकिन-17 आणि 23 अडवणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्यांत मध्यम ते तीव्र आजाराच्या दहांपैकी सातच्या आसपास रुग्णांना 90 टक्के सुधारणा मिळते, काही औषधांत त्याहूनही जास्त जणांना. यातली काही इंजेक्शनं दोन-तीन महिन्यांतून एकदाच घ्यावी लागतात. एवढं हाताशी असताना रुग्णाला 'सवय करून घ्या' म्हणणं म्हणजे त्याच्यापासून माहिती लपवणंच आहे.

कुणी म्हणेल, प्रत्येकाला कुठे इंजेक्शनं लागतात? बरोबर आहे. बहुसंख्यांचा आजार सौम्य असतो आणि त्यांना मलमंच पुरतात. पण ती मलमं तरी नीट सांगितली जातात का? तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत, ट्यूबमधून मलमाची रेघ ओढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. मांडीपासून पावलापर्यंत एक पाय पूर्ण झाकायला अशा आठेक रेघा, म्हणजे चार ग्रॅम लागतात. ज्याचे दोन्ही पाय चट्ट्यांनी भरले आहेत त्याच्या हातात पंधरा ग्रॅमची एक ट्यूब ठेवली, तर ती दोन वेळा लावायलाही पुरत नाही. तो काटकसरीने महिनाभर पुरवतो, चट्टा जसाच्या तसा राहतो, आणि शेवटी दोघांचंही मत होतं की मलमाने काही होत नाही. डोक्याला घट्ट मलम दिलं जातं आणि ते केसांनाच चिकटून बसतं. तिथे पातळ द्रावण किंवा फेस हवा, आधी जाड खपली मऊ करून उतरवायला हवी, केसांचा भांग पाडत पाडत औषध कातडीपर्यंत पोचवायला हवं. कोपरासाठी दिलेलं तीव्र स्टेरॉइड तोच माणूस चेहऱ्यावर आणि जांघेत लावतो, कारण तिथे लावू नका असं कुणी बजावलेलं नसतं, आणि तिथली कातडी कागदासारखी पातळ होते. औषध बरोबर असूनही उपचार फसतो तो इथे. दहा मिनिटं शांतपणे दाखवलं तर यातलं बरंच टळेल. ती दहा मिनिटं डॉक्टरकडे नसतील तर प्रशिक्षित परिचारिकेकडे असावीत. पण कुणाच्या तरी कामाच्या यादीत ती अधिकृतपणे असलीच पाहिजेत.

मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत तर न सांगणं जिवावर बेतू शकतं. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. कोणत्या वारी गोळी घ्यायची ते चिठ्ठीवर ठळक लिहिणं, बरोबर फॉलिक ॲसिड देणं, यकृत आणि रक्तपेशींच्या तपासण्यांच्या तारखा ठरवून देणं, गर्भधारणेचा विचार असलेल्यांना हे औषध चालत नाही हे आधीच स्पष्ट करणं, यातलं काहीही महागडं नाही.

'सवय करून घ्या' या सल्ल्यातली सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे. तो सल्ला हा आजार फक्त कातडीचा आहे असं धरून चालतो. सोरायसिसच्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्क्यांपर्यंत लोकांना सोरायसिसचा संधिवात होतो, आणि बहुतेकदा त्वचेवरचे चट्टे त्याच्या कितीतरी वर्षं आधी आलेले असतात. म्हणजे धोक्याची सूचना अंगावर उघड लिहिलेली असते. माझ्या मावशीच्या हाताचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून जाड झालं होतं, नखांवर टाचणी टोचल्यासारखे खळगे होते, आणि सकाळी उठल्यावर मूठ वळायला बराच वेळ लागे. चट्ट्यांसाठी ती एका डॉक्टरकडे जायची, बोटासाठी दुसऱ्याकडे. त्वचेच्या डॉक्टरांनी कधी बोटाबद्दल विचारलं नाही आणि हाडांच्या डॉक्टरांनी कोपरावरचे चट्टे बघितले नाहीत. दोन्हींचं मूळ एक आहे हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत तो सांधा कायमचा वाकडा झाला होता. झिजलेला सांधा कुठल्याही औषधाने पूर्ववत होत नाही. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडल्यासारखं वाटतं का, टाच दुखते का, एखादं बोट सबंध सुजतं का, हे तीन प्रश्न प्रत्येक भेटीत विचारायला एक मिनिट लागतं.

सांध्यांखेरीज हृदयविकार, मधुमेह, स्थूलता, डोळ्यांच्या आतला दाह, नैराश्य, या सगळ्यांचं प्रमाण सोरायसिस असलेल्यांत जास्त आढळतं, विशेषतः आजार तीव्र असेल तर. अंगात सतत धुमसणारा दाह रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. त्यामुळे रक्तदाब, साखर, चरबी तपासणं आणि मनाची चौकशी करणं हा सोरायसिसच्याच उपचाराचा भाग आहे. वजन उतरवल्याने चट्टे कमी होतात आणि औषधं जास्त चांगली लागू पडतात, हेही दिसून आलं आहे. पण याचा वापर रुग्णावर ठपका ठेवायला होतो ते मला फार क्रूर वाटतं. 'तू फार विचार करतोस म्हणून होतं', 'तुझं खाणंपिणं ठीक नाही म्हणून होतं' असं घरच्यांनीच ऐकवलं की आजाराच्या जोडीला अपराधीपणा चिकटतो. सगळ्यांना लागू पडेल असं कोणतंही पथ्य सिद्ध झालेलं नाही. ताण आणि चट्टे यांचं नातं आहे, पण ते दोन्ही दिशांनी चालतं. अंगावर चट्टे घेऊन लोकांच्या नजरा झेलणं हाच एक मोठा ताण आहे.

आजाराची तीव्रता मोजायची कशी, यावर बरंच अवलंबून असतं. रुग्णाचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का, असा हिशेब धरून चट्टे मोजतात. लाली, जाडी, पापुद्रे आणि व्याप्ती यांवरून शून्य ते 72 असे गुण द्यायची एक पद्धत 1978 पासून रूढ आहे. संशोधनासाठी ती उपयोगी आहे. पण तळपायांवर भेगा पडून पाऊल टेकवता येत नाही अशा माणसाचे चट्टे दोनच टक्के भरतात. जननेंद्रियांवर चट्टे असलेली, त्यामुळे जोडीदारापासून दुरावलेली आणि कुणापुढे तोंडही न उघडणारी व्यक्ती या मापात 'सौम्य' ठरते. खाज आणि मोडलेली झोप तर या गुणांत येतच नाहीत. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सोरायसिस परिषदेने तज्ज्ञांच्या सहमतीने सौम्य-मध्यम-तीव्र ही जुनी उतरंड बाजूला ठेवायला सुचवलं. शरीराच्या दहा टक्क्यांहून जास्त भाग व्यापला असेल, किंवा चेहरा, तळहात, तळवे, जननेंद्रियं, डोकं, नखं अशा नाजूक जागी आजार असेल, किंवा मलमांनी भागत नसेल, यांपैकी एक गोष्टही पुरेशी धरून पोटातून किंवा इंजेक्शनने उपचार करण्याचा विचार व्हावा, असं त्यात म्हटलं आहे. मला हा बदल फार योग्य वाटतो. अडचण एवढीच की औषधाचा खर्च मंजूर करणाऱ्या विमा कंपन्या आणि सरकारी यंत्रणा अजून पुष्कळ ठिकाणी टक्केवारीच मोजत बसतात.

माझ्या मांडणीवर दोन आक्षेप येतात. पहिला असा की विशीतल्या मुलाला किंवा मुलीला 'हे जन्मभर राहील' असं पहिल्याच दिवशी सांगणं निर्दयपणा आहे, थोडी आशा राहू द्यावी. आशा राहू द्यावी हे मलाही मान्य आहे. पण आजार परत आला की खोट्या आशेचा हिशेब तोच मुलगा चुकवतो, आणि परत येण्याचं कारण तो स्वतःत शोधतो : काहीतरी पथ्य चुकलं असेल, औषध नीट घेतलं नसेल. स्वच्छ झालेल्या जागीही स्मृती जपणाऱ्या काही टी पेशी त्वचेत मुक्काम करून राहतात, म्हणून उपचार थांबल्यावर चट्टा बऱ्याचदा त्याच ठिकाणी उठतो. हे ज्याला आधी सांगितलेलं असतं, तो चट्टा परतल्यावर खचत नाही, डॉक्टरकडे जातो. दुसरा आक्षेप असा की प्रतिकारशक्तीशी खेळणारी औषधं वर्षानुवर्षं देणं धोक्याचं आहे. धोका आहेच, आणि तो औषधागणिक वेगळा आहे. टीएनएफ हा दाह वाढवणारा संदेश रोखणाऱ्या जुन्या इंजेक्शनांनी शरीरात झोपलेला क्षयरोग जागा होऊ शकतो, म्हणून बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. पण धोक्यांच्या या यादीत उपचार न करण्याचाही धोका लिहावा लागेल : वाकडे सांधे, हृदयाचा आजार, सोडलेली नोकरी, मोडलेलं लग्न.

समाजाच्या वागण्याबद्दल थोडक्यात सांगतो. मध्ययुगीन युरोपात सोरायसिसच्या रुग्णांना कुष्ठरोगी समजून वस्तीबाहेर काढलं जाई. हे दोन आजार वेगळे आहेत हे व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी 1841 मध्ये स्पष्टपणे मांडलं. आजही केस कापणारा हात आखडता घेतो, पोहण्याच्या तलावावर 'तुम्ही उतरू नका' म्हणतात, शाळेत मुलाच्या शेजारचं बाक रिकामं राहतं. 2014 मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव करून हा दीर्घकाळ टिकणारा, वेदनादायी, असंसर्गजन्य आजार असल्याचं मान्य केलं आणि सदस्य देशांना जनजागृती करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात किमान 10 कोटी लोकांना हा आजार आहे. शाळेच्या आरोग्याच्या धड्यात 'हा स्पर्शाने होत नाही' हे एक वाक्य घालायला कुठल्याच देशाला खर्च येणार नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. नवी औषधं महाग आहेत आणि सगळ्यांना ती परवडणार नाहीत, हे खरं आहे. पण चित्र बदलतं आहे. ॲडॅलिमुमॅब या टीएनएफ रोखणाऱ्या बायोलॉजिक औषधाचं पेटंट युरोपात 2018 मध्ये संपलं, अमेरिकेत 2023 पासून इतर कंपन्यांनी बनवलेल्या त्याच्यासारख्याच औषधांची विक्री सुरू झाली, आणि स्पर्धा आली तिथे किमती बऱ्याच खाली आल्या. बाकीच्या औषधांची पेटंटंही एकामागून एक संपत जाणार आहेत. तरीही खर्च उचलणाऱ्यांचे नियम बऱ्याच ठिकाणी जुनेच आहेत : आधी अमुक औषध देऊन अपयश येऊ द्या, मग तमुक, मग त्याच्या पुढचं. पायऱ्या असाव्यात, पण सांधा सुजलेल्या किंवा हातापायांवर आजार असलेल्या माणसाला प्रत्येक पायरीवर महिनोन्‌महिने थांबवण्यात कसली बचत आहे? आजार सुरू होऊन थोडाच काळ झालेल्या रुग्णांवर लवकर परिणामकारक उपचार केले, तर त्वचेतल्या त्या स्मृतिपेशी कमी राहतात का आणि आजाराचा पुढचा मार्गच बदलतो का, यावर सध्या गंभीर संशोधन सुरू आहे. अशा रुग्णांना जास्त चांगला आणि जास्त टिकणारा गुण येतो असे संकेतही मिळाले आहेत. हे पक्कं झालं तर पायऱ्यांचे हे नियम पुन्हा लिहावे लागतील, आणि ते लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी त्वचारोगतज्ज्ञ आणि हिशेबनिसाबरोबर हा आजार अंगावर वागवणारी माणसंही बसलेली असावीत.